बोकडानं अंग झाडलं नाही

येळेवाडी, ता. माण
९ नोव्हेंबर २०२०

प्रिय नंदाताई,

पत्र बघून तू आधी हसशील. हातात फोन असताना ही बाई कागद का नासतेय, म्हणशील. पण आमच्या घरात रेंज फक्त उंबऱ्यावर येते हे तुला माहीत आहे. भाडेकरू म्हणून राहिलीस ते सगळे महिने त्याच उंबऱ्यावर बसून तू हेड ऑफिसच्या शिव्या खाल्ल्यास. आता तिथं आई बसलेली असते, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. तिच्यादेखत बोलता येत नाही ते लिहावं लागतं. तिला वाचता येत नाही हे आयुष्यात पहिल्यांदा सोयीचं वाटलं, आणि तसं वाटलं याची लाजही वाटली.

आबा गेले. चौदा ऑक्टोबरला. आठवडाभर ताप होता, मग दम लागायला लागला. दहिवडीहून ॲम्ब्युलन्स निघाली, पण त्या दिवसांतला पाऊस तू टीव्हीवर पाहिला असशील. आमची माणगंगा, जिच्या वाळूत पोरं क्रिकेट खेळतात, ती फरशी पुलावरून छातीभर वाहत होती. ॲम्ब्युलन्स पलीकडे, आम्ही अलीकडे, आणि मध्ये तुझ्या अर्धवट पुलाचे तीन खांब. आबांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून दुपारपासून दिवेलागणीपर्यंत काठावर बसलो. पाणी उतरल्यावर पलीकडे नेलं तेव्हा ते जिवंत होते. दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

तुझे खांब म्हटलं म्हणून रागावू नकोस. गावात सगळे तसंच म्हणतात. तुझं पिवळं हेल्मेट अजून खुंटीला होतं, आईनं त्यात कोंबडी बसवली आहे.

आणि चांद्या आहे. मार्चमधला तो दिवस तुला आठवत असेलच. तुमच्या फोरमननं हट्ट धरला होता की म्हसोबाला बोकड दिल्याशिवाय खांबांवर तुळया चढवणार नाही, आणि आबांनी आपल्या शेरडांतला चांद्या दिला. अंगावर पाणी शिंपडून सगळं गाव वाट बघत उभं राहिलं. बोकडानं अंग झाडलं की देवानं तो घेतला, नाही झाडलं तर सुरी लावायची नाही, हा आमचा कायदा. चांद्या ढिम्म. तेवढ्यात पोलिसांची गाडी भोंगा लावत आली, घरात जा म्हणाली, आणि गाव पांगलं. तुमचे कामगारही दोन दिवसांत पाठीवर बोचकी घेऊन चालत निघाले. बोकड तेवढा राहिला. देवाच्या नावानं सोडलेला बोकड विकता येत नाही, खाता येत नाही, कुणी त्याला हाकलतही नाही. गावात सध्या सगळ्यात निर्धास्त तोच आहे.

पुलाचं काम कधी सुरू होणार, ते खरं सांग. आई विचारते म्हणून नव्हे. ती काहीच विचारत नाही, म्हणून मी विचारते.

तुझी,
स्वप्नाली


सातारा
२४ नोव्हेंबर २०२०

प्रिय स्वप्ना,

पत्र तीनदा वाचलं. आबा मला ‘सायबीण’ म्हणायचे आणि भाकरीवर लोणी जास्त घालायला सांगायचे, कारण सायबीण वाळून चाललीय म्हणे. माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यांनी मला आयुष्यात असं लाडानं काही म्हटलेलं नाही. मला आबांसाठी रडायला आलं आणि कुणाला सांगावं ते कळेना. म्हणून गच्चीवर जाऊन रडले.

आता तुझा प्रश्न. हा रस्ता आणि पूल सरकार आणि आमची कंपनी यांच्या भागीदारीतला. कंपनीनं बँकेकडून पैसा उचलून बांधायचा, सरकारनं पुढची पंधरा वर्षं हप्त्याहप्त्यानं तो फेडायचा. चांगल्या दिवसांत हा संसार बरा चालतो. लॉकडाऊन लागला आणि नवराबायकोसारखी दोघांची तोंडं दोन दिशांना झाली. कामगार बिहार-ओडिशात गेलेत, निम्मे परत येत नाहीत. लोखंड महागलं. बँक म्हणते, आधी काम दाखवा मग पैसा. कंपनी म्हणते, आधी पैसा मग काम. मी रोज मास्क लावून ऑफिसात जाते आणि दोन्हीकडची पत्रं टाइप करते. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकले ते यासाठी.

पण वाटाघाटी चालू आहेत. जानेवारीत काम सुरू होईल. हे मी तुला लिहून देते.

आईंना नमस्कार सांग. कोंबडीला म्हणावं, हेल्मेट जपून वापर, कंपनीचं आहे.

तुझी,
नंदा


येळेवाडी
१७ जून २०२१

प्रिय नंदाताई,

जानेवारी येऊन गेला. दुसरी लाट येऊन गेली. अंगणवाडी बंद, म्हणून मी घरोघर पोषण आहाराच्या पिशव्या वाटत फिरले आणि कुठल्या घराचं दार आता कोण उघडतं यावरून मला कळायचं की तिथलं कोण गेलं.

एप्रिलमध्ये एक साहेब मोटारसायकलवरून आला, तुमच्या पत्र्याच्या शेडवर नोटीस चिकटवून गेला. गाव वाचायला गोळा होईपर्यंत चांद्यानं ती खाल्ली. काय लिहिलं होतं ते त्यालाच ठाऊक. आप्पासो, म्हणजे म्हसोबाचे पुजारी, म्हणाले की निदान सरकारी कागद कुणाच्या तरी पोटात गेला.

हसून घेतलंस ना. आता ऐक. तुमच्या साइटवर दुपारी जेवणाचा भोंगा व्हायचा, तेव्हा कामगार चांद्याला उरलीसुरली रोटी घालायचे. भोंगा बंद होऊन वर्ष उलटलं. पण त्या वेळेला चांद्या अजूनही नदीत उतरतो आणि मधल्या खांबाखाली जाऊन उभा राहतो. हल्ली आई त्याच्यामागोमाग जाते. दोघं तिथं उभी असतात. खांबांच्या माथ्यावर ज्या सळया उघड्या राहिल्यात ना, वारं सुटलं की त्यांतून आवाज येतो, लांबून कुणी हाक मारल्यासारखा. मला माहीत आहे की ते वारं आहे. तरी मी त्या बाजूला जायचं टाळते. आई टाळत नाही. ती मान वर करून ऐकत राहते.

मी विचारलं, रोज कशाला जातेस? ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. काल मात्र स्वतःहून म्हणाली की सायबिणीला पत्र लिही. गाव पांगल्यावर त्या दिवशी म्हसोबापाशी तू एकटीच मागं राहिली होतीस, चांद्या तिथंच बांधलेला होता. तिला एवढंच विचारायचं आहे: “मागनं त्यानं अंग झाडलं का?”

मी म्हटलं, फोन लावून देते, तूच विचार. तर म्हणाली, “फोनवर मानूस गोड बोलतं. लिवलेलं खोटं नसतंय.”

हे तिला का हवंय ते मला कळत नाही. पण आठ महिन्यांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट आहे. उत्तर दे.

स्वप्नाली


सातारा
२ जुलै २०२१

प्रिय स्वप्ना,

जानेवारीचं लिहून दिलं होतं त्याबद्दल काय बोलू. कंपनीनं करारातून अंग काढून घेतलं आहे. चांद्यानं खाल्ली ती तीच नोटीस. त्याला ती पचली असेल, मला नाही पचली. मीही तिथली नोकरी सोडतेय.

आईंना सांग: हो. गाव गेल्यावर, ऊन कलताना, चांद्यानं अंग झाडलं. मी पाहिलं. डोक्यापासून शेपटापर्यंत. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता, म्हणून कुणाला बोलले नाही.

म्हणजे देवानं बोकडच मागितला होता. दुसरं कुणी नाही. हे त्यांना नीट समजावून सांग.

तुझी,
नंदा


येळेवाडी
३० ऑगस्ट २०२१

नंदाताई,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ‘दुसरं कुणी नाही’ हे तर दोनदा वाचलं. तुला वाटलं असेल, मलाही वाटलं, की आता तिच्या छातीवरचा धोंडा उतरेल.

ती दोन दिवस शेरडांमागं फिरत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मंजी देवानं बोकड घेतला हुता, आन आमी दिला न्हाई.” आणि मग आबांचं सांगितलं. ते मी तिथं असून पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी काठावर मी छत्री घेऊन पुढं उभी होते, पलीकडे ॲम्ब्युलन्सवाल्याला हात करत. ट्रॉलीवर ताडपत्री होती. वाऱ्यानं तिचं एक टोक उडालं आणि साचलेलं पाणी आबांच्या अंगावर पडलं. आणि आबांनी अंग झाडलं. डोक्यापासून पायापर्यंत, एकदाच. समोर मधला खांब, काठावर म्हसोबा. आईनं ते पाहिलं आणि तेव्हाच ओळखलं. गेले दहा महिने ती हे मनात धरून बसली आहे, ताई. म्हणून ती खांबाखाली जाऊन उभी राहते. बोकड नापसंत करून देवानं माणूस पसंत केला, असं तिला वाटत होतं, आणि तुझ्याकडून तिला ऐकायचं होतं ते खरं की खोटं. आता तुझ्या पत्रानं तिचं त्याहून वाईट झालंय. आता तिला वाटतं की बोकड कबूल होता, आपण बुडवला, म्हणून देवानं आपल्या हातानं वसूल केलं. आणि अजून वसुली संपली नाही.

ती आप्पासोंकडे गेली, आत्ताच्या आत्ता चांद्याला कापा म्हणाली. आप्पासो म्हणाले, “पुलाचं काम न्हाई तर बळी कशाचा? त्यो नुसता खून हुईल, वैनी.” तेव्हापासून ती चांद्याकडे बघत नाही. तो दारात येतो, भाकरीची वाट बघतो, निघून जातो.

मला ती पावसात भिजू देत नाही. अंगणवाडी पुन्हा सुरू झाली, पण सुटताना सर आली की आई डोक्यावर पोतं घेऊन गावातून पळत येते, मला त्याखाली घेते आणि घरी आल्यावर पदरानं माझे केस पुसते. पुसताना माझ्या खांद्यांवर हात दाबून धरते. मी शहारू नये म्हणून. आंघोळीचं पाणीसुद्धा कढत लागतं. मी सव्वीस वर्षांची बाई आहे, ताई, आणि थंडी वाजली तर आईपासून लपवते.

चांद्यानं खरंच अंग झाडलं होतं का? मला आता राहून राहून शंका येते. तू ज्या गोष्टीला अर्थ नाही म्हणायचीस, ती तुला इतकी नीट आठवते कशी?

स्वप्नाली


सांगली, विश्रामबाग
१० फेब्रुवारी २०२२

स्वप्ना,

इतके महिने लागले, कारण प्रत्येक वेळी लिहायला बसले की फाडलं.

नाही. चांद्यानं अंग झाडलेलं मी पाहिलं नाही. आणि झाडलं नाही हेही पाहिलं नाही. गाव पांगल्यावर मी त्याच्यापासून चार हातांवर दगडावर बसले होते, हे खरं. पण मी फोनवर होते. यंत्रं कुठं लावायची, सिमेंट भिजू नये म्हणून काय झाकायचं, कामगारांना काय सांगायचं. ऊन कलेपर्यंत तेच. त्यानं अंग झाडलं असेल, नाचला असेल, मी मान वर केली नाही. तुम्ही सगळे ज्याच्याकडे श्वास रोखून बघत होता, त्याच्याकडे नंतर बघायला कुणी नव्हतं.

मला वाटलं, खोटं बोलून आईंना सोडवता येईल. मी त्यांचा हिशेब करायला गेले आणि मला त्यांचं गणितच माहीत नव्हतं. हे त्यांना जसंच्या तसं वाच. मला काय म्हणायचं ते म्हणू देत.

मी आता इथं एका वकिलांच्या कामात तांत्रिक सल्लागार आहे. आपल्याच पुलाचा वाद लवादापुढं चालतो. तुला खरं वाटणार नाही, तिथं मोठमोठी माणसं काय भांडतात ते सांगते. करारात एक कलम आहे: देवाची करणी झाली तर काम थांबल्याचा दोष कुणाचाच नाही. कंपनीचे वकील म्हणतात, साथ ही देवाची करणी. सरकारचे म्हणतात, देवाला मध्ये आणू नका, साथीच्या आधीच तुम्ही रेंगाळला होता. दिवसच्या दिवस हे चालतं. चहा येतो, बिस्किटं येतात. परवा मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते आणि मला तुझी आई खांबाखाली मान वर करून उभी दिसली. ती आणि हे कोटवाले एकाच गोष्टीचा निवाडा मागतायत, फक्त तिला बिस्किटं कुणी दिली नाहीत. मला तिथं बसवेना. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले.

आबा कसे गेले, हे त्या फायलींत एका ओळीतही नाही. मी बघितलं.

मला उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस.

नंदा


सांगली
१८ डिसेंबर २०२३

प्रिय स्वप्ना,

तू लिहिलं नाहीस. मी वाट पाहिली, मग वाट पाहणं सोडलं, असं म्हणायला हवं, पण सोडलं नाही.

बातमी आहे म्हणून लिहितेय. वाद मिटवला. कोण जिंकलं विचारू नकोस, दोघंही थकले. नवी कंपनी आली आहे, सरकारनं आपला वाटा वाढवला आहे, आणि येळेवाडीचा पूल पहिल्या टप्प्यात घेतला आहे. तो गाळायचं चाललं होतं. वर्दळ कमी, फायदा नाही, असं कागदावर दिसत होतं. आता कामावर देखरेख करणाऱ्यांत मी आहे, त्यामुळे तो गाळला गेला नाही यात माझा थोडा हात आहे. एवढं मिरवू दे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माणसं येतील. तुझा विश्वास बसणार नाही, आणि तो तुझा हक्क आहे. पण एक आधीच सांगते: नवा फोरमन ज्योतिबा म्हणून आहे, कवठेमहांकाळचा. त्यानं पहिलंच विचारलं की जुन्या फोरमनचा बोकड राहिला होता म्हणे, त्याचं काय झालं? माणसं त्याशिवाय वर चढायला तयार नाहीत. मी म्हटलं, तो बोकड आता म्हातारा झाला असेल, सोडा त्याला. तो म्हणाला, “म्हातारा का आसंना, देवाला बोललेला हाय.”

चांद्या आहे का अजून? आई कशा आहेत? मी यायला हवं का? म्हणशील तर येते. नको म्हणालीस तर तेही समजेन.

नंदा


येळेवाडी
९ जानेवारी २०२४

प्रिय नंदाताई,

राग होता म्हणून लिहिलं नाही. नंतर राग गेला, पण इतक्या दिवसांनी काय लिहायचं म्हणून लिहिलं नाही. तुला हे समजेल.

तुझं ते सांगलीचं पत्र मी आईला तेव्हाच वाचून दाखवलं होतं, जसंच्या तसं. तू खोटं बोललीस यावर ती काही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “मंजी कुनीच बगितलं न्हाई व्हय?” आणि उठून चांद्याला भाकरी घातली. तेव्हापासून दोघं पुन्हा दुपारी खांबाखाली जायला लागली. पण माझ्या केसांवरचा पदर काही सुटला नाही. दोन पावसाळे आणखी गेले. मला आलेलं पलूसचं स्थळ मी नाकारलं, कारण कुठलाही मुलगा पावसाळ्यात बायकोला घरात कोंडून ठेवायला तयार होणार नाही, आणि आई त्याशिवाय जगणार नाही. हे तुला पहिल्यांदा सांगतेय.

माणसं आली, ताई. खरंच आली. क्रेन येताना शाळा सोडून दिली पोरांसाठी. आणि परवा रविवारी चांद्याला म्हसोबापुढं उभं केलं. मार्गशीर्षात कसला बळी, असं बायका कुरकुरल्या, पण पुढं पौष लागतोय म्हणून थांबायला कुणी तयार नव्हतं. तुला ये म्हणणार होते. शेवटच्या क्षणी वाटलं, नको. तू आली असतीस तर आईनं तुझ्याकडे बघितलं असतं, आणि मला तिनं देवाकडेच बघायला हवं होतं.

इथली थंडी तुला माहीत आहे. सकाळचं ऊन होतं पण नदीवरून वारं असं येत होतं की माणसांच्या तोंडातून वाफ निघत होती. आप्पासोंनी हळद-कुंकू लावलं, तांब्यातलं पाणी चांद्याच्या पाठीवर शिंपडलं. चांद्या आता जून झालाय, दाढी पांढरी, एक शिंग मोडलेलं. तो उभा राहिला. पुन्हा शिंपडलं. तिसऱ्यांदा डोक्यावर ओतलं. एवढ्या गारठ्यात, ओल्या अंगानं, तो रवंथ करत उभा. एक शहारा नाही. ज्योतिबा फोरमन तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होता. ऊन वर आलं, बायका घरच्या चुली आठवून चुळबुळायला लागल्या. शेवटी आप्पासो म्हणाले, “देवाला नगं हाय. नारळ फोडा.” ज्योतिबानंही मान हलवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी चांद्याच्या गळ्यातली दोरी काढली. सगळे हसत होते, मीही. आणि मग मला आई दिसली.

ती चांद्याकडे बघत नव्हती. नापसंत बोकड दुसऱ्यांदा नापसंत झाला होता, म्हणजे आबांना घेऊन देवाचं पोट आधीच भरलेलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते मला अक्षरांसारखं वाचता आलं. ती पुढं झाली. तांब्यात पाणी उरलं होतं. तिनं तो उचलला आणि कुणाला काही कळायच्या आत आपल्या डोक्यावर रिकामा केला.

सगळं गाव जागच्या जागी थिजलं. आई म्हसोबासमोर ताठ उभी होती, केसांतून पाणी गळत होतं. वारं आलं. वरच्या सळया वाजल्या. आणि ती थरथरली, डोक्यापासून पायापर्यंत. आप्पासोंनी हात जोडले. ज्योतिबा दोन पावलं मागं सरकला. मागून कुणीतरी म्हटलं, “घेतली.”

मी धावले. अंगावरची शाल तिच्याभोवती गुंडाळली आणि तिला ओढत घरी आणलं. गावाच्या नजरा पाठीवर घेऊन मी कशी चालले ते मला सांगता येणार नाही. मला भीती वाटली, ताई. मी अंगणवाडीतल्या पोरांना भूत नसतं म्हणून शिकवते, आणि मला वाटलं की आई आता रात्र काढायची नाही. तू मला तेव्हा खोटं का लिहिलंस ते त्या वाटेवर मला कळलं. कारण मीही खोटं बोलायला तयार होते, कुठलंही.

चुलीपुढं बसवून लुगडं बदललं. जाळ मोठा केला. तिचे हात अजून कापत होते. जाळापुढं धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग विचारलं, “झाडलं का गं मी अंग?”

मी म्हटलं, “न्हाई आई. थंडीनं कापलीस तू.”

म्हटलं तेव्हा ते खरं की खोटं, मलाच माहीत नव्हतं.

आई विचार करते तेव्हा ओठ हलतात, तसे हलत होते. मग म्हणाली, “व्हय. थंडीनंच. देवानं हात लावला तर मानसाला कायतरी कळंल का न्हाई? मला कायबी कळलं न्हाई. नुसतं गार लागलं.”

मी जाळात लाकूड सारलं.

“मग त्येबी थंडीनंच कापलं आसत्याल.”

“व्हय, आई.”

“अंगात ताप, वरनं पानी. कापनारच की मानूस.” तिनं हात मागं घेतले. “मंजी त्यास्नी कुनी न्हेलं न्हाई. पूल न्हवता म्हनून गेलं त्ये.”

आणि मग ती रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा. करोना म्हणून आबांना घरी आणू दिलं नाही, त्यांचं तोंडही बघू दिलं नाही, तेव्हा ती रडली नव्हती. मला वाटायचं, तिला रडू आलं की बरं वाटेल. तसं झालं नाही. देवानं नेलं होतं तोवर आबा कुणाला तरी हवे होते. आता ते नुसते एका काठावर बसून गेले, पलीकडचं वाहन दिसत असताना. हे तिला जास्त जड झालं, ताई, आणि ते जड व्हायलाच हवं होतं. रडून झाल्यावर तिनं भाकरी थापल्या. चांद्या दारात आला होता, त्याला पहिली घातली. संध्याकाळी मी मुद्दाम गार पाण्यानं तोंड धुतलं आणि शहारले. तिनं बघितलं. पदर घेऊन उठली नाही.

आज सकाळी ती उंबऱ्यावर नव्हती. नदीकडे गेली होती, एकटीच. परत येऊन मला म्हणाली की तुमची माणसं चहाला फार वेळ घालवतात, आणि पलीकडच्या खांबापाशी अजून कुणी हातसुद्धा लावलेला नाही. मग तुला लिहायला सांगितलं. शब्द तिचेच आहेत.

“सायबिणीला म्हनावं, बाकी काय नगं. पूल कवा हुनार, तेवढी तारीख लिव. आन खरी लिव.”

स्वप्नाली